भिंत पाडण्याआधी कुणाला विचारायचे? घरबांधणी आणि दुरुस्तीच्या परवानग्यांचा आढावा

स्वयंपाकघराचा ओटा बदलायला महापालिकेची परवानगी लागत नाही. त्या ओट्यामागची भिंत पाडायची असेल तर लागू शकते, आणि ती भिंत वरच्या मजल्याचा भार पेलत असेल तर नक्कीच लागते. कामाला पैसे किती लागणार, ते किती दिवस चालणार, याच्याशी परवानगीचा काही संबंध नाही. वीस लाखांचे फर्निचर कुणालाही न विचारता करता येते. ड्रिल मशीन लावून एका दुपारी फोडलेला एक खांब मात्र गुन्हा ठरतो आणि माणसे मारू शकतो. आपल्याकडे लोक अंदाज बांधतात तो खर्चावरून आणि ‘घराच्या आतलेच तर काम आहे’ या समजुतीवरून. ही समजूत सगळ्यात महाग पडलेली आहे.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होते. त्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याआधी चार वर्षे, २७ सप्टेंबर २०१३ ला, डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली होती. ती खुद्द महापालिकेच्या मालकीची, वर महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे. ६१ जीव गेले. तिथेही तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या गोदामात विनापरवाना फेरफार केल्याचा आरोप झाला. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांपैकी बहुतेकांनी आपल्या घरात काहीच बदलले नव्हते. बदल झाला होता तो खाली, दुसऱ्याच्या जागेत, बंद शटरच्या आड.

म्हणून ‘परवानगी केव्हा लागते?’ हा प्रश्न कागदपत्रांपुरता ठेवता येत नाही. आपल्या भिंतीवर, आपल्या जमिनीवर आणि आपल्या सोयीवर शेजाऱ्याचा हक्क कुठून सुरू होतो, हे त्यातून ठरते. दुर्दैवाने महाराष्ट्रात याचे उत्तर एका जागी मिळत नाही. ते तीन-चार कायद्यांत, एका जाडजूड नियमावलीत आणि सोसायटीच्या उपविधींत विखुरलेले आहे.

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा. त्याच्या लेखी विकास म्हणजे नुसती नवी इमारत नव्हे. इमारत पाडणे, जमिनीचे प्लॉट पाडणे, इमारतीत किंवा तिच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे, हे सगळे त्यात येते, आणि कलम ४३ प्रमाणे यातले काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. मात्र त्याच कलमात काही सवलती आहेत. इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरती किंवा बाह्य स्वरूपात फारसा फरक न पाडणारी देखभालीची आणि सुधारणेची कामे त्यातून वगळली आहेत. शेतीसाठी नेहमीची खोदाई आणि फक्त शेतात जाण्यासाठीचा रस्ता यांनाही सूट आहे.

ठेकेदार आणि कधी कधी वकीलही बोट ठेवतात ते ‘केवळ अंतर्भाग’ या सवलतीवर. पण नगररचनेचा कायदा शहराकडे बाहेरून पाहतो. रस्ता किती रुंद, इमारत किती उंच, सामासिक अंतर किती, चटईक्षेत्र किती, हे त्याचे प्रश्न. त्याची मुळे आरोग्यात आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट चाळी आणि गल्ल्या उघड्या पाडल्या, १८९८ मध्ये सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९१५ मध्ये मुंबई प्रांताला नगररचनेचा कायदा मिळाला. हवा आणि उजेड मिळावा यासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. इमारतीच्या पोटात काय चालले आहे, ही चिंता महापालिकांच्या कायद्यांनी वाहिली, आणि नगररचनेच्या कायद्यात सूट मिळाली म्हणून महापालिकेच्या कायद्यातून सुटका होत नाही.

या बाबतीत सर्वांत स्पष्ट मजकूर मला वाटतो मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ चा. भाडेकरूने किंवा मालकाने राहण्याजोगी जागा ठेवण्यासाठी करायच्या दुरुस्त्या कोणत्या, हे त्याच्या स्पष्टीकरणात नावानिशी दिले आहे. गिलावा, रंग, दरजा भरणे, भिंतींना किंवा खांबतुळयांना गनायटिंग करणे, फरशी बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, सांडपाण्याचे नळ आणि मॅनहोल, पाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या, आणि छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा घालणे. एवढ्या कामांसाठी परवानगी नको. त्याच्याच पुढे कोणती कामे या सवलतीत बसत नाहीत तेही लिहिले आहे. बांधकामाची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणे, भार पेलणाऱ्या भिंतींचा किंवा सांगाड्याचा कोणताही भाग काढणे अथवा बदलणे, जोते, पाया किंवा जमीन खाली खोदणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे, उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने घालणे.

हा मजकूर मराठीत, मोठ्या टायपात, प्रत्येक बांधकाम साहित्याच्या दुकानात लावायला हवा. ‘त्याच प्रकारच्या साहित्याने’ या शब्दांमागे केवढा अनुभव आहे बघा. कौले काढून त्या जागी स्लॅब टाकला की मातीच्या किंवा लाकडी सांगाड्यावर कित्येक पटींनी वजन येते. कौलांच्या जागी कौले घालणे ही दुरुस्ती, कौलांच्या जागी स्लॅब हे नवे बांधकाम. ‘छप्परच तर बदलतोय’ म्हणणाऱ्या माणसाला हा फरक दिसत नाही, पण भिंतीला तो जाणवतो.

मुंबईबाहेर नियमांची भाषा थोडी सैल आहे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत परवानगी नको असलेल्या कामांची यादी आहे. दुसऱ्याच्या जागेकडे न उघडणारी दारे-खिडक्या पाडणे किंवा बुजवणे, फरशी, गिलावा, रंग, खोटे छत आणि सुरक्षिततेला बाधा न येणाऱ्या अंतर्गत विभाजक भिंती ही कामे तीत येतात. राज्याच्या नियमावल्याही याच वळणाच्या आहेत. यादी वाचताना लोक कामाचे नाव वाचतात आणि पुढची अट सोडून देतात. अट अशी, की स्थैर्य, अग्निसुरक्षा आणि बांधकामाचे सर्वसाधारण नियम यांचा भंग होता कामा नये. म्हणजे विभाजक भिंत बांधायला परवानगी नको, पण ती स्लॅबला झेपणारी हवी. झेपते की नाही, हे ठरवायचे कुणी?

इथे थोडा हिशेब करू, कारण तो कुणी सांगत नाही. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० ते २,००० किलो असते. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि नऊ इंच जाड अशी एक भिंत साधारण चार टनांची होते. तीच साडेचार इंची बांधली तर दोन टन. राहत्या घरासाठी स्लॅबचा आराखडा करताना माणसे, सामान आणि वावर यांच्यासाठी भारतीय मानक ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो भार धरतात. आता न्हाणीघराची जागा बदलायची म्हणून एखाद्या खोलीची जमीन सहा इंच उचलली, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरले, तर त्या भरावाचेच चौरस मीटरला पावणेतीनशे-तीनशे किलो होतात. माणसे आत येण्याआधीच स्लॅबवर आराखड्यात न धरलेले वजन येऊन बसते. गच्चीवर हजार लिटरची एक जादा टाकी म्हणजे एक टन पाणी. हलक्या ब्लॉकची भिंत विटांच्या भिंतीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात बसते. चांगला अभियंता म्हणूनच आधी भिंत कशाची, हे विचारतो.

दुसरी गोष्ट इमारतीच्या जातीची. आरसीसी चौकटीच्या इमारतीत भार खांब आणि तुळया वाहतात, विटांची भिंत नुसती भरणी असते. जुन्या चाळी, वाडे, सत्तरच्या दशकापर्यंतचे पुष्कळ बंगले आणि कित्येक सरकारी वसाहती यांत मात्र भिंतच भार वाहते. तिथे ‘आतली भिंत’ असा वेगळा प्रकारच नसतो. अशा घरात दोन खोल्यांमधली भिंत काढून वर लोखंडी गर्डर टाकणे हे पूर्ण अभियांत्रिकीचे काम आहे. गिलाव्याखाली काय आहे ते अनुभवी मिस्त्रीलाही बाहेरून दिसत नाही. आरसीसी इमारतीतही पाइप लपवण्यासाठी खांबाला खाच पाडणे, एसीच्या नळीसाठी तुळईतून भोक काढणे, सळ्या उघड्या पडल्यावर त्यावर पुट्टी फासणे हे प्रकार रोज घडतात, आणि त्यासाठी कुठल्याच नियमावलीत सवलत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणखी एक दार वाजवावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत भर घालायची किंवा फेरफार करायचा तर समितीची लेखी पूर्वपरवानगी हवी. पण सोसायटीचे ना हरकत पत्र म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे. सोसायटी फक्त आपला आक्षेप नाही एवढेच सांगते. आणि समितीने पत्र देताना रंगकामाची तारीख आणि राडारोड्याची अनामत यांवर सगळी चर्चा संपवली, तर तिने आपले खरे काम केलेले नसते. नकाशा मागवावा, कोणती भिंत जाणार ते विचारावे, संडास खालच्याच्या स्वयंपाकघरावर तर येत नाही ना ते पाहावे, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र फायलीला लावावे. गळतीची निम्मी भांडणे आणि काही अपघात इथेच थांबतील.

घराबाहेर डोकावणारे काम आले की उत्तर सोपे होते, आणि ते बहुतेक वेळा ‘हो, लागते’ असेच असते. गॅलरी खोलीत घेणे, फ्लॉवर बेड फोडून खिडकी पुढे नेणे, डक्टवर स्लॅब टाकून साठवणीची जागा करणे, तळमजल्याच्या दुकानात पोटमाळा चढवणे, पार्किंगच्या जागेत ऑफिस काढणे, गच्चीवर कायमचे पत्र्याचे शेड उभारणे. यात चटईक्षेत्र वाढते, हवा-उजेडाची मोकळी जागा जाते किंवा आगीच्या वेळची वाट बंद होते. डक्ट ही फुकट पडलेली जागा वाटते, पण वर-खालच्या मजल्यांवरील न्हाणीघरांना तेवढीच हवा असते. पावसाळी शेडला मुंबईत तात्पुरती परवानगी मिळते. पाऊस संपला की ती काढायची असते, आणि तेच घडत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल परिसरात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले तेव्हा तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या ज्वलनशील छतांची चर्चा राज्यभर झाली. पुढच्या मोसमात ती विरली.

भिंतीला हातही न लावता परवानगी लागू शकते, ती वापर बदलल्यावर. राहत्या फ्लॅटमध्ये शिकवणी वर्ग, हॉटेलचे स्वयंपाकघर किंवा गोदाम आले की नगररचना कायद्याप्रमाणे तो विकासच. डॉक्टर, वकील यांसारख्यांना स्वतःच्या राहत्या जागेच्या काही भागात व्यवसाय करण्याची मुभा नियमावल्या देतात. ती मर्यादा ओलांडली की वजन, वर्दळ आणि आगीचा धोका, सगळेच बदलते.

आता नवे घर. मुंबई आणि काही खास क्षेत्रे सोडून राज्यभर २ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. त्याआधी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती, आणि कोल्हापुरातल्या वास्तुविशारदाला नाशिकमध्ये काम करायचे तर सगळे नव्याने शिकावे लागे. नव्या नियमावलीतली सर्वांत महत्त्वाची तरतूद जोखमीनुसार वर्गीकरणाची आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारे छोटे घर बांधणाऱ्याने नकाशा, मालकीची कागदपत्रे आणि तज्ज्ञाचा दाखला जोडून कळवायचे, शुल्क भरायचे आणि काम सुरू करायचे. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगीचे धोरण. सामान्य माणसाच्या बाजूने टाकलेले हे खरेच मोठे पाऊल होते. पण ‘परवानगी नको’ याचा अर्थ लोकांनी ‘नियम नको’ असा घेतला. सामासिक अंतर, मजल्यांची मर्यादा, जोत्याची उंची हे सगळे तसेच लागू आहे. तपासणी फक्त कार्यालयाकडून परवानाधारकाकडे गेली.

मोठ्या भूखंडाला नेहमीचा मार्ग. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, आराखडा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे हमीपत्र, विकास शुल्क, मग बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र. मुंबईत याच्या आधी ‘आयओडी’ नावाचा अटींचा कागद मिळतो. लोक तोच परवाना समजतात, पण अटी पूर्ण करून प्रारंभ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी. परवानगीची मुदत एक वर्षाची, नूतनीकरणाने आणखी तीन वर्षे. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, पण आराखडा नियमात बसत असेल तरच. या ६० दिवसांच्या भरवशावर नियमबाह्य मजले चढवून पुढे कोर्टात हरलेले मालक थोडे नाहीत.

आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. घर परवानगीत बांधले, हे त्यावरूनच सिद्ध होते, आणि नेमके तेच महाराष्ट्रात हजारो इमारतींकडे नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला हवा, वीज-पाण्याच्या जोडण्या भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात, बँकांनी कर्जही ते तपासूनच द्यावे. घर घेणाऱ्यासाठी याहून उपयोगी निर्देश क्वचितच आले असतील. लोकांच्या मनात मात्र घरपट्टी लागली की घर अधिकृत, हेच घट्ट बसले आहे. महापालिका अनधिकृत घराला घरपट्टी लावते, वर दंड म्हणून दुप्पट शास्तीही आकारते, आणि या आकारणीमुळे बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकराविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने झाली आणि २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला. कर गेला, घरांचा दर्जा तोच राहिला.

गावाकडे चित्र वेगळे. गावठाणात बांधकामासाठी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यायची, ही तरतूद ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये आहे. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर घर बांधायचे तर अकृषिक परवानगी आणि सनद, म्हणजे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय. गेल्या दहा-बारा वर्षांत जमीन महसूल संहितेत ४२ अ ते ४२ ड अशी कलमे घालून हा फेरा बराच कमी केला गेला. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिकची वेगळी परवानगी नको, फक्त रक्कम भरायची. ग्रामीण भागातही सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत कागदपत्रे सादर करून, आणि ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम व्हावे, असे धोरण २०२० च्या अखेरीला जाहीर झाले. नमुना आठवर नाव लागले म्हणजे मालकी झाली आणि बांधकाम मंजूर झाले, हा गावातला समज घरपट्टीच्याच जातीचा आहे. ती करआकारणीची नोंद आहे.

परवानगी सोपी झाली हे चांगलेच. पण गावातली खरी उणीव अर्जाच्या सुलभतेची नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली सापडली. त्या घरांना बेकायदा कुणी म्हटले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तशीच घरे बांधली जात होती, आणि भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे आडवे दगड घाला किंवा वरच्या पातळीला पट्टा फिरवा, हे सांगायला गावात कुणी अभियंता नव्हता. आजही तालुक्याच्या गावी कॉलम उभे राहतात ते ‘शेजारच्यांनी बारा एमएमची सळई वापरली’ एवढ्या आधारावर. ग्रामपंचायतीकडे जमा होणाऱ्या कागदांतला अभियंत्याचा दाखला जर नुसता शिक्का असेल, तर सुलभ परवानगीने काहीच राखले जात नाही.

काही जागा अशा की तिथे नेहमीचे नियम पुरत नाहीत. समुद्रकिनारी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्र आहे. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे. विमानतळ आणि संरक्षण आस्थापनांजवळ उंचीची बंधने. २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा. निळीच्या आत बांधकाम नाही, दोहोंच्या मध्ये जोते लाल रेषेच्या वर हवे. २०१९ आणि २०२१ चे कोल्हापूर-सांगलीचे पूर पाहिल्यावर या रेषा नकाशावर पुसट करणाऱ्यांना काय म्हणावे कळत नाही.

संरक्षित स्मारकांभोवतीचा प्रश्न यांतला सर्वांत गुंतागुंतीचा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. पुण्यात शनिवारवाड्याच्या भोवती जुन्या वाड्यांची दाट वस्ती आहे. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण अर्ज करून करता येते, पाडून पुन्हा बांधणे चालत नाही. लाकूड कुजलेल्या वाड्यात पाच-सहा भाडेकरू, मालकाला पुनर्बांधणी करता येत नाही, दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. स्मारक वाचवायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या सावलीतला वाडा पावसात कोसळण्याची वाट पाहणे हे संरक्षण नव्हे. वाड्याच्या त्याच उंचीत, त्याच रूपात पुनर्बांधणीला वाट काढायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राबाहेरही चित्र फार वेगळे नाही. गोव्यात जमिनीची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना अशी साखळी असते. तिथेही २०१६ मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा आला. नियमितीकरणाची ही सवय सार्वत्रिक आहे.

महाराष्ट्रात तिची वंशावळ लांब आहे. तुकड्या-तुकड्यांनी विकलेल्या जमिनींवरची घरे नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. त्याची मुदतरेषा १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उल्हासनगरसाठी २००६ मध्ये वेगळा कायदा झाला. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२ अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना प्रशमन शुल्क भरून वाट दिली. या घरांत राहणारे बहुतेक लोक गिरणीतले, कारखान्यातले, शेती सोडून आलेले. त्यांना परवडणारे अधिकृत घर शहराने कधी दिलेच नाही. त्यांच्यावर बुलडोझर चालवा असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक मुदतरेषा पुढच्या बिल्डरला सांगते की थांब, पुढची येईल. कलम ५२ चा दंड दोन हजार ते पाच हजार रुपये आहे. तुरुंगवासाची तरतूद आहे, पण ती क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. नियमाने चालणारा माणूस शुल्क भरतो, रांगेत थांबतो, मोकळी जागा सोडतो. नियम मोडणारा ती जागाही वापरतो आणि दहा वर्षांनी शुल्कही भरतो.

त्याहून गंभीर गोष्ट ही की नियमितीकरण फक्त कागद तपासते. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला परवानगीशिवाय उभी राहत असलेली सात मजली इमारत पडली आणि ७४ जण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट पडली, १७ गेले. तीही अनधिकृत ठरली. अशा इमारतींचे काँक्रीट कुणी तपासलेले नसते, आणि शुल्क भरल्याने ते मजबूत होत नाही. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या परवानग्याच बनावट निघाल्या, त्या बनावट कागदांवर महारेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणीही झाली, आणि घरे घेणाऱ्यांनी तो क्रमांक पाहूनच पैसे भरले. म्हणून नियमितीकरणाच्या प्रत्येक अर्जासोबत स्वतंत्र अभियंत्याकडून प्रत्यक्ष चाचणी झालेला अहवाल हवा, तोही सार्वजनिक.

दुरुस्तीच्या कामांसाठी माझी मागणी छोटी आहे. नव्या छोट्या घराला जशी कळवून काम सुरू करण्याची सोय दिली, तशीच घराच्या आतल्या फेरफारांना द्यावी. खांब, तुळई, स्लॅब, भार पेलणारी भिंत यांना हात लागणार असेल, किंवा नवी विटांची भिंत, भराव, टाकी येणार असेल, तर अभियंत्याचे एक पानी पत्र, आतल्या बदलाचा हाताने काढलेला नकाशा आणि ऑनलाइन पोच. शुल्क नाममात्र. आज अशा कामासाठी अर्ज करणाऱ्याला नव्या इमारतीइतकीच कागदपत्रे मागितली जातात, म्हणून कुणी अर्ज करत नाही, आणि काम शनिवार-रविवारी उरकले जाते.

याची घाई आहे. महापालिका कायद्यांप्रमाणे ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीने संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. नव्वदच्या दशकात ठाणे, कल्याण, वसई, पिंपरी-चिंचवड, नाशिक इथे जी हजारो चार-पाच मजली सोसायट्यांची लाट आली, ती आता या वयात पोचली आहे. ऑडिटला आलेला अभियंता पहिल्यांदा मंजूर नकाशा आणि आरसीसीची रेखाचित्रे मागतो. बहुतेक सोसायट्यांकडे ती नसतात. बिल्डर निघून गेलेला असतो, कार्यालयातली फाईल शोधावी लागते. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे साध्या अर्जाने मागता येते, न मिळाल्यास माहिती अधिकारात. त्या नकाशावर प्रत्येक मजल्याची मंजूर मांडणी दाखवलेली असते. सोसायटीने तो मिळवावा, प्रत्येक सदनिकेत आजवर काय बदलले ते सभासदांकडून लिहून घ्यावे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पुढच्या कामाची परवानगी मागायला जावे.